चौदा सुया

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो स्टोव्हला पंप मारण्याचा. माझी माय गावातल्या आरोग्य उपकेंद्रात अर्धवेळ परिचर होती. नर्सबाई आठवड्यातून दोनदा येत, तेव्हा काचेच्या सिरिंज आणि सुया माय घरीच उकळून पांढऱ्या फडक्यात बांधून नेई. त्या पातेल्याला आम्हा कोणाला हात लावायची मुभा नव्हती. दुसरा आवाज देवराव काकाच्या ढोलकीचा. तो उठला की चूळ भरायच्या आधी ढोलकीवर दोन थापा मारून पाही, थंडीने चामडं उतरलं असेल तर चुलीजवळ धरून शेकी, आणि काकू ओरडे, "भाकर शेकू देता का तुमची ढोलकी शेकू?" बाबा वणीला कोळसा खाणीत होते, सुटीच्या दिवशी तेवढे घरी येत. त्यामुळे घरात कर्ता पुरुष म्हणजे काका, आणि काकाला कर्तेपणाशी काही देणंघेणं नव्हतं. जयंतीला आमच्या विहारापुढे त्याची ढोलकी वाजली की शेजारच्या चार गावांची माणसं उठायची नाहीत, एवढं एकच त्याला पुरेसं होतं.

मी तेव्हा आठवीत होते. हिवाळा संपत आलेला, कापसाची शेवटची वेचणी चालू होती आणि घरोघर तुरीच्या सोल्यांची भाजी शिजत होती. हिरव्या तुरीचे दाणे सोलून वांग्यात टाकायचे, वरून कच्चं तेल, सोबत ज्वारीची भाकर. काकाला त्यापेक्षाही मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा आवडत. खिसे भरभरून शेंगा घेऊन तो बाहेर पडे, आणि वाटेवरच्या टरफलांवरून तो कुठे गेला आहे हे माय सांगू शके. मला तो फार आवडायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायीच घडलं. आज इतक्या वर्षांनीही त्याचा मला राग येतो, आणि त्या रागाचं नेमकं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तो रविवार होता. शाळा नाही म्हणून मी काकूसोबत आमच्या तीन एकराच्या तुकड्यात वेचणीला गेले होते. सोबत शेजारची सारजाबाई. ती तेव्हा पंचविशीची असेल, एका पोराची आई, बोलायला लागली की थांबायची नाही. ऊन चांगलं वर आलं होतं. सारजाबाई तिच्या नणंदेचं काहीतरी सांगत होती आणि मधेच गप्प झाली, म्हणून मी मान वर केली. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून एक लांडगा सरळ आमच्याकडे चालत येत होता.

आमच्याकडे लांडगा नवलाचा नव्हता. गावामागच्या गायरानात, खडकाच्या टेकडीपाशी त्यांचं एक जोडपं होतं. मेंढरं घेऊन येणारे कुरमार त्यांना ओळखत. वर्षाकाठी एखादं कोकरू जायचं, तेवढ्यापुरत्या शिव्या पडायच्या. पण तो लांडगा माणूस दिसलं की थांबतो, बघतो आणि तिरका होऊन निघून जातो. हा थांबला नाही. मान खाली, जबडा लटकलेला, तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि मागचे पाय जरा वाकडे पडत होते. तो गुरगुरलाही नाही. पुढे नर्सच्या नोकरीत शेकडो चावलेली माणसं पाहिली आणि प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारला: जनावर कसं चालत होतं? त्या दिवशी मात्र मी कापसाची ओटी सोडून पळाले. पळायला नको होतं. त्याने आधी सारजाबाईचा दंड धरला, तिला खाली पाडलं आणि मग पळणाऱ्या माझ्यामागे येऊन पोटरीला दात लावले. दुखलं असं आठवत नाही. परकर ओढला जातो आहे एवढंच आठवतं.

काका बांधावर बैलगाडीत पडून शेंगा खात होता. काकूच्या किंकाळीने तो उठला, गाडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी, उपसली आणि धावत आला. पहिल्या फटक्यात लांडग्याने मला सोडलं आणि त्याच्या अंगावर उडी घेतली. काकाने डाव्या हाताने त्याचं नरडं दाबलं, उजव्या हाताने उभारी चालवली. तीन-चार फटक्यांत तो पडला. काकाच्या डाव्या हाताला, अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधल्या मऊ जागी, एक इंचभर ओरखडा होता. रक्तसुद्धा धड आलेलं नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला. "पाह्य, तुह्या काकानं लांडगा मारला. आता शाळेत सांगजो."

गावात पोचेपर्यंत गर्दी जमली होती. कोणी हळद आणली, कोणी मिरचीची पूड. एका म्हाताऱ्याने चुन्याची डबी उघडून माझ्या पोटरीकडे हात नेला आणि मायने तो हात मनगटात धरून बाजूला केला. तिने आम्हा तिघांना हापशीखाली बसवलं, काकूला हापसायला लावलं आणि धुण्याच्या साबणाची आख्खी वडी घेऊन माझी जखम घासायला लागली. मी ओरडत होते, ती थांबत नव्हती. "रड. पण पाय हलवू नको." माझं झाल्यावर सारजाबाईचा दंड. काकाची पाळी आली तेव्हा त्याने हात पुढे केला, दोनदा साबण लावू दिला आणि उठला. मेलेला लांडगा पाहायला पोरं खोळंबली होती.

"भाऊजी, बसा," माय म्हणाली.

"वहिनी, हा काय चावा आहे काय? पऱ्हाटीचं बोंड लागलं तरी यापेक्षा जास्त चिरते."

"लाळ लागली ना? मग चावाच. उद्यापासून तिघायले दवाखान्यात जा लागते. चौदा दिवस. पोटात सुई."

त्या काळी तसंच होतं. बेंबीच्या बाजूला, रोज एक, चौदा दिवस. आता दंडात चार-पाच सुया ठरलेल्या तारखांना लावतात, जखम खोल असेल तर जखमेतच वेगळं औषध भरतात, आणि इतकं सोपं होऊनही लोक तिसऱ्या दिवशी मिरची भरलेली जखम घेऊन येतात. तेव्हा मला वाटतं, माझी नोकरीची सगळी वर्षं कोणीतरी नळ उघडा ठेवून वाहून जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी गावाने काय केलं? पिसाळलेला लांडगा मेलेला होता, त्याच्याकडून आता कोणाला भीती नव्हती. तरी पन्नासेक माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन गायरानात गेली. मेंढरं चारणारा कुरमार म्हातारा आडवा आला. म्हणाला, "तो इथला नव्हता. बाहेरून आला होता, पिसाळलेला होता. इथली जोडी माणसाच्या वाटेला जात नाही." कोणी ऐकलं नाही. टेकडीच्या बिळात धूर केला आणि चार पिलं ओढून काढून मारली. डोळेही नीट न उघडलेली. ती काठीला बांधून, गुलाल उधळत गावात मिरवली. पुढे ढोलकी वाजवत काका. माय उपकेंद्राच्या पायरीवर उभी राहून हे बघत होती. तालुक्याची बस फाट्यावरून निघून गेली होती, म्हणजे काकाची पहिलीच सुई चुकली होती. मिरवणूक तिच्यापुढून निघून गेली. घरी येऊन तिने दळणाचा डबा इतक्या जोरात आपटला की झाकण उडून अंगणात गेलं.

त्यानंतर तिने काकाला रोज स्वतः फाट्यापर्यंत पोचवायला सुरुवात केली. मारेगावची बस यायची, आम्ही तिघं चढायचो. सारजाबाईच्या नवऱ्याने केळापूरकडच्या एका बुवाचा अंगारा आणला होता. तो तिच्या दंडाला काळ्या धाग्यात बांधलेला असायचा. बुवाने सुई लावू नको म्हणून बजावलं होतं, पण मायने तिच्या सासूला काय सांगितलं कोण जाणे, सारजाबाई दोन्ही करत होती. सुई लावताना ती धागा मुठीत घट्ट धरी. पोटाला लाल गाठी यायच्या, झोपताना कुशीवर वळता येत नसे. काका पहिल्या दिवशी कंपाउंडरला म्हणाला, "बैलाले टोचता काय याच सुईनं?" चारचौघं हसले. त्याचं सगळंच असं हसण्यावारी होतं.

अशा पाच सुया त्याने लावल्या. त्याच सुमाराला मारेगावला एका कव्वाली पार्टीने त्याला बोलावलं. जयंतीचे मोठे कार्यक्रम त्यांना मिळाले होते आणि त्यांचा ढोलकीवाला सोडून गेला होता. तालीम नेमकी दुपारी, दवाखान्याच्या वेळेला. सहाव्या दिवशी बस स्टँडवर उतरल्यावर काका मला म्हणाला, "शालू, तुमी दोघी दवाखान्यात जा. मी तालमीले जातो."

"आणि सुई?"

"झाल्या ना पाच. ओरखड्याले पाच लय झाल्या. तुले खरंच चावला, तू पुऱ्या कर."

"माय रागावीन."

"तिले कायले सांगतं? मी लावली म्हणून सांगीन, तू फक्त हाव म्हणजो."

मी काय म्हणाले असेन? तो मला वाचवणारा काका होता. परतीच्या बसला वेळ असला की मी आणि सारजाबाई त्या तालमीच्या खोलीपाशी जाऊन बसायचो, तिथे तो असा वाजवायचा की पोटातल्या गाठी विसरायला व्हायचं. पार्टीचा म्हातारा गायक त्याच्याकडे बघून मान डोलवायचा. सारजाबाईला तो सांगे की तालमीतून मधेच उठून आपण लावून आलो, आणि तीही कधी जास्त विचारत नसे. मी हाव म्हणाले. सारजाबाई बाहेर बाकावर असताना कंपाउंडरने विचारलं, "काका कुठे?" तर मी सांगितलं, वणीला बाबांकडे आहे, तिकडच्या दवाखान्यात लावून घेतो. हे मला काकाने शिकवलं नव्हतं. ते माझं मीच रचलं. घरी मायने विचारलं की काका पोट धरून असा कण्हायचा की काकू गरम कपडा शेकायला आणायची, आणि तो त्या कपड्याआडून मला डोळा मारायचा. मी हसायचे. आठ-नऊ दिवस आमच्या घरात हे नाटक चाललं आणि माय, जी पातेल्यातली सुई किती मिनिटं उकळली हे विसरत नसे, ती फसली. कारण मी तिच्याशी खोटं बोलेन हे तिच्या मनातही नव्हतं.

चौदा दिवस संपले. माझी पोटरी भरून आली. सारजाबाईचाही दंड बरा झाला. काकाचा ओरखडा तर कुठे होता ते शोधावं लागे. महिना-सव्वा महिना गेला, परीक्षा जवळ आली. एके दिवशी सकाळी काका ढोलकीवर बसला आणि थांबला. डावा हात झटकला, परत वाजवायला गेला, परत थांबला. "मुंग्या येऊन राह्यल्या," तो काकूला म्हणाला. "रात्री हातावर झोपलो असीन." दुसऱ्या दिवशी त्याला ताप होता, जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूने त्याला चहा दिला. त्याने कप तोंडाशी नेला आणि त्याचा गळा असा काही आवळला की कप हातातून उडाला. तो स्वतःच घाबरून आमच्याकडे बघायला लागला. "काहीतरी अडकून राह्यलं गळ्यात." काकूने पाण्याचा गडू आणला. गडू बघूनच त्याचं अंग ताठ झालं.

माय दारात उभी होती. तिने ते पाहिलं, आणि मी तिचा चेहरा पाहिला. ती आत आली नाही. मला हाताला धरून घरामागे नेलं, गोवऱ्यांच्या उडव्यापाशी, आणि विचारलं, "किती लावल्या त्यानं? खरं सांग. यवतमाळच्या डॉक्टरले सांगा लागते."

"पाच."

"नंतर?"

"नंतर नाही."

तिचा हात वर गेला. मी डोळे मिटले, पण मार बसला नाही. डोळे उघडले तर ती निघून गेली होती, पाटलांच्या घराकडे, जीप मागायला. जीपमध्ये काकाला बसवताना चार माणसं लागली, कारण समोरून वारं लागलं तरी त्याला श्वास कोंडल्यासारखं होई. मधूनमधून तो अगदी शुद्धीवर असे. जीप निघायच्या आधी त्याने मला जवळ बोलावलं नाही, काही सांगितलं नाही. काकूला म्हणाला, "ढोलकी उन्हात ठेवू नका." तिसऱ्या दिवशी त्याला परत आणलं, पांढऱ्या कापडात.

मायने मला कधी बोल लावला नाही, आणि माझं खोटं गावात कोणाला सांगितलंही नाही. मी वाट बघत होते, वर्षानुवर्षं. तिच्यात एकच बदल झाला. त्यानंतर गावात कुत्रं चावलेलं जे कोणी येई, त्याच्यासोबत ती स्वतः बसने जाई, सुई लावली जाईस्तोवर समोर उभी राही, आणि दुसऱ्या दिवशी परत. कोणी म्हणालं, "बाई, लावून आलो," तर पोट दाखवायला लावी. लोक तिला वेडी म्हणत. माझ्या शब्दावरही तिने पुढे कधी विश्वास ठेवला नाही, अगदी साध्या गोष्टीत. दूध तापवलं का विचारी, मी हो म्हणे, आणि ती उठून पातेल्याला हात लावून बघे. मी नर्सिंगला गेले ते यामुळेच, असं लोकांना सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

आता मी निवृत्त आहे. मागच्या हिवाळ्यात काकूला भेटायला गावी गेले होते, तर योगायोगाने त्याच दिवशी शेळ्या चारणाऱ्या एका तरुणाला, रवीला, गायरानात लांडगा चावल्याची बातमी आली. सगळं गाव मोबाइल घेऊन उभं. एकजण कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या लांडग्यांचा व्हिडिओ दाखवून म्हणत होता, हाच तो. दोघं पेट्रोलची बाटली घेऊन गायरानातलं गवत पेटवायला निघाले होते. मी ओरडून सांगत होते: शेळी मेली तर गावाजवळ टाकू नका, कुत्री नि लांडगे तिथेच एकत्र येतात, लहान पोरांना झाडझुडपात एकटं पाठवू नका, लांडगा दिसला तर पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे या, आणि आधी या माणसाला दवाखान्यात न्या. लोक माझ्याकडे बघत होते ते एखादी म्हातारी रेडिओ लावून बसली आहे तसं.

रवीच्या दारात खाटेवर सारजाबाई बसली होती. ऐंशीच्या घरात पोचलेली, दात नाहीत, आवाज तसाच. लुगड्याचा पदर सारून तिने दंडावरचा जुना वण सगळ्यांना दाखवला. "मले चावला होता ना. बुवाच्या अंगाऱ्यानं वाचली."

"सारजाबाई, तुम्ही चौदा सुया घेतल्या होत्या," मी म्हणाले. "मी रोज तुमच्या बाजूला होते."

"घेतल्या तं. देवरावनंबी घेतल्याच ना चौदा? अंगारा नाही बांधला त्यानं. मेला. सुईनं होत असतं तं तो कायले मरता?"

आजूबाजूची माणसं माना हलवायला लागली. मग मला कळलं की ही गोष्ट त्या गावात इतकी वर्षं अशीच सांगितली गेली आहे. किती जणांनी ती ऐकून सुई टाळली असेल, मला ठाऊक नाही. मी त्या सगळ्यांपुढे म्हणाले, "काकाने पाचच घेतल्या होत्या. पुढच्या घेतल्या म्हणून मी खोटं सांगितलं होतं. घरी सांगितलं, दवाखान्यात सांगितलं. मी खोटं बोलले होते." आयुष्यात पहिल्यांदा हे मोठ्याने बोलले, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच सोपं होतं.

सारजाबाईने माझ्याकडे मायेने बघितलं. "तू लहान होती, बाई. तुले काय आठवते."

तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. मी रवीला हाताला धरून उठवलं, त्याचा चावलेला हात साबणाने घासला, तो कुरकुरत होता तरी घासला, आणि त्याच्या भावाच्या गाडीत बसवून शेजारी बसले. गाव सुटल्यावर रवी हळूच म्हणाला, "बाई, वाटेतच एका बुवाचं घर आहे. अंगारा घेऊ, दोन मिनिटाचं काम आहे. मग जाऊ दवाखान्यात."

"येताना घेऊ," मी म्हणाले. आणि गाडी चालवणाऱ्या त्याच्या भावाला सांगितलं, मध्ये कुठेही थांबू नकोस.